विषय : मे महिन्यात बंद असणारे रस्ते आयटिनररीत टाकल्याबद्दल तक्रार आणि रिफंडची मागणी

नमस्कार कस्टमर केअर टीम,

मेच्या मध्यावर आम्ही तुमच्याकडून अमेरिकेतल्या ग्रँड टेटन - यलोस्टोन - ग्लेशियर ह्या नॅशनल पार्कांचं सेल्फ ड्राइव्ह पॅकेज घेऊन गेलो होतो, सोबत माझे आई-बाबा आणि शाळेत जाणारा मुलगा. प्लॅनिंगचे वेगळे पैसे तुम्ही घेतले होते, "रूट आमचे एक्स्पर्ट बनवतात" असं सांगून. परत आल्यावर फोन केला तर तुमच्या मॅडम म्हणाल्या की रोड क्लोजर हा वेदर इश्यू आहे, तो आमच्या हातात नसतो, त्यामुळे रिफंड बसत नाही. हे उत्तर मला अजिबात मान्य नाही म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

वेदर इश्यू म्हणजे अचानक वादळ आलं आणि रस्ता बंद केला. आमच्या बाबतीत तसं काहीच झालं नाही, हवा छान होती. कोडी गावाहून बेअरटूथ हायवे ह्या डोंगरातल्या रस्त्याने रेड लॉज गावाला जायचं असं तुमच्या पीडीएफमध्ये लिहिलंय, फोटोसकट. हा रस्ता १०,९४७ फुटांवरून जातो आणि दरवर्षी साधारण मेच्या शेवटच्या वीकेंडला, त्यांच्या मेमोरियल डेच्या सुमाराला उघडतो, ऑक्टोबरात बर्फ पडला की परत बंद. ग्लेशियरमधला गोइंग-टू-द-सन रोड तर त्याहून उशिरा, जूनच्या शेवटी किंवा जुलैत पूर्ण उघडतो, कारण वरच्या लोगन पास खिंडीच्या पलीकडे बर्फाचे इतके मोठे ढीग असतात की एप्रिलपासून मशीन लावून तो काढत बसतात. हे पार्कच्या वेबसाइटवर स्पष्ट दिलेलं असतं, कुठल्या गेटपासून कुठपर्यंत रस्ता कधी उघडतो तेही असतं. मेमध्ये हे दोन रस्ते विकणं म्हणजे कास पठाराची फुलं दाखवतो म्हणून मे महिन्यात माणसं नेण्यासारखं आहे.

बेअरटूथच्या गेटपाशी आम्ही पोचलो तेव्हा आडवा बार लावून कुलूप घातलेलं होतं. बाबा गुडघे दुखत असताना गाडीतून उतरले, मफलर नीट केला आणि बोर्ड दोनदा वाचला, मग मला म्हणाले, अगं दुसरा रस्ता असेल बघ, एवढी मोठी कंपनी आहे, त्यांनी काहीतरी सांगितलं असेल. मी फोनवर तुमची पीडीएफ वरपासून खालपर्यंत परत चाळली, पर्यायी रस्ता एका ओळीतही नव्हता. तुमच्या इमर्जन्सी नंबरवरून उत्तर आलं की गूगल मॅप फॉलो करा. तिथे मोबाइलला रेंज मिळणंच मुश्कील, मोठ्या खटपटीनंतर फोन लागला आणि त्यावर हे उत्तर! शेवटी परत कोडीला आलो आणि बेलफ्रायवरून रेड लॉज गाठलं, दिवस त्यातच गेला.

यलोस्टोनमध्येही तेच. कॅन्यनहून टॉवरमार्गे लामार व्हॅली असं लिहिलंय, पण मधला डनरेव्हन पास ह्या खिंडीतला रस्ता मेच्या शेवटापर्यंत बंद असतो. म्हणजे कॅन्यन ते टॉवर जे अंतर १९ मैलांचं होतं ते आम्ही नॉरिस आणि मॅमथवरून ५१ मैल फिरून कापलं, आणि पार्कात स्पीड लिमिट ताशी ४५ मैल, वाटेत बायसनचा, म्हणजे तिथल्या रानगव्यांचा, कळप रस्त्यावर उभा राहिला की सगळ्या गाड्या थांबतात, थांबायलाच पाहिजे. तुमच्या वेळा हायवेच्या हिशोबाने काढल्यात हे कुणीही सांगेल.

आणि लामारला तुम्ही किती वेळ दिला होता, तर अर्धा तास! मला सगळ्यात जास्त वाईट ह्याचं वाटतं. मेमध्ये त्या भागात जायचं ते ह्याच्यासाठीच, बायसनची नारिंगी पिल्लं नुकती जन्मलेली असतात, १९९५ला परत आणून सोडलेल्या लांडग्यांचे वंशज तिथे दिसतात. लामारमधून जाणारा, गार्डिनर गाव ते कुक सिटी हा यलोस्टोनमधला एकच रस्ता गाड्यांना बारा महिने उघडा असतो. आम्ही प्लॅन बाजूला ठेवून पहाटे थांबलो, तिथे लोक स्टँडवर दुर्बिणी लावून बसले होते, एका आजोबांनी बाबांना बोलावून त्यांच्या दुर्बिणीतून लांडगा दाखवला. बाबा कितीतरी वेळ तिथून हलेनात. मेचा प्लॅन करताना गार्डिनरला जास्त मुक्काम द्यायचा आणि उंचावरचे रस्ते सोडून द्यायचे, एवढं साधं काम होतं.

कोडीचंही सांगते. "संध्याकाळी कोडी नाइट रोडिओ", म्हणजे घोडे-बैलांवरचे काउबॉय लोकांचे खेळ, असं दिलंय. तो १ जून ते ३१ ऑगस्ट असतो. माझा मुलगा घरून निघाल्यापासून त्याच्याबद्दल बोलत होता, त्याला मैदानाबाहेर बंद गेट दाखवून आणलं. नशीब बफेलो बिलचं म्युझियम चालू होतं, एकाच छताखाली पाच म्युझियम आहेत आणि खरंच बघण्यासारखी आहेत, पण तुमच्या यादीत ते "वेळ मिळाल्यास" मध्ये होतं. व्हर्जिनिया सिटी, जिथे १८६३ला सोनं सापडलं, ती रेड लॉज ते वेस्ट ग्लेशियरच्या ड्राइव्हमध्ये मध्येच घुसवलीये. एका दिवसात ५०० मैलांच्या वर, म्हणजे ८०० किलोमीटरहून जास्त, म्हाताऱ्या माणसांना घेऊन. आम्ही ते गाव सोडून दिलं.

ग्लेशियरला गोइंग-टू-द-सन रोडवर पुढे बॅरियर होता, त्याच्या पलीकडे लोक सायकली घेऊन जात होते, गाड्यांना बंदी. हॉटेल तुम्ही डोंगराच्या पूर्वेला घेतलेलं, त्यामुळे आम्हाला खालून यूएस-२ने पूर्ण वळसा घालून रात्री पोचावं लागलं. आणि हाच रूट तुम्ही मोटरहोमनेही विकताय असं ब्रोशरमध्ये दिसतंय, तर कृपया लक्षात घ्या की गोइंग-टू-द-सन रोडच्या वरच्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला परवानगीच नाही, उन्हाळ्यात रस्ता उघडा असला तरी नाही. कुणीतरी कुटुंब घेऊन तिथे जाऊन अडकेल.

माझी मागणी अशी : प्लॅनिंग फी पूर्ण परत, जादा फिरावं लागलं त्याचं पेट्रोल (बिलं जोडली आहेत), आणि मे-जूनच्या सगळ्या ग्राहकांना दुरुस्त केलेला रूट लेखी पाठवा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ वर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. फोन करू नका, ईमेलवरच उत्तर द्या.

सोबत : तुमची पीडीएफ, तिन्ही बंद रस्त्यांच्या बोर्डांचे फोटो, पेट्रोलची बिलं, इमर्जन्सी नंबरच्या कॉलचा स्क्रीनशॉट.

आपली,
पुण्याहून बुकिंग केलेली ग्राहक