अमेलिया ब्लूमर आणि तुझा पेपर

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू घाईत होतीस म्हणून काही बोलले नाही, पण रात्रभर डोक्यात तेच चालू होतं, म्हणून लिहितेय. लांबलंय जरा, लेक्चर झालं की निवांत वाच. तुमच्या कॉलेजच्या पेपरमधून, म्हणजे तुम्ही मुलं काढता त्या वर्तमानपत्रातून, दोघं-तिघं गळाले, सगळं तुझ्या गळ्यात पडलं, आता तूही सोडायचं म्हणतेस, त्यात तुला दारूबंदीच्या इतिहासावर लिहायला दिलं आणि तू म्हणालीस, आई, त्या टेम्परन्सवाल्या, दारूविरोधी चळवळीतल्या बायका म्हणजे नुसत्या काकूबाई गं, दुसऱ्याच्या मजेवर पाणी फिरवणाऱ्या.

तर ऐक. तू आहेस त्या न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजच्या खाली होमर म्हणून गाव आहे, तिथे 1818 मध्ये त्यांच्यातलीच एक, अमेलिया ब्लूमर जन्मली, आणि तिची कबर कुठे आहे माहितीये? इथे, आमच्या ओमाहाहून मिसुरी नदीचा पूल ओलांडला की आयोवातल्या काउन्सिल ब्लफ्सला. म्हणजे एक टोक तुझ्याकडे आणि दुसरं माझ्याकडे. तू म्हणशील हां माहितीये, ब्लूमर्स पॅन्टवाली, आखूड स्कर्टखाली घालायची ती ढगळ पॅन्ट! तेच तर. ती पॅन्ट तिने शोधलीच नव्हती, आधी एलिझाबेथ स्मिथ मिलरने घातली, मग बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टँटनने, अमेलियाने 1851 मध्ये आपल्या पेपरात त्यावर लिहिलं, न्यूयॉर्कच्या पेपरांनी ते उचललं आणि नाव चिकटलं हिला. काही वर्षांनी तिने ती घालणं सोडूनही दिलं, पण नाव काही सुटलं नाही. आणि पेपरचं नाव विचारलं तर कुणाला सांगता येत नाही.

पेपरचं नाव लिली. न्यूयॉर्क राज्यातल्याच सेनेका फॉल्स गावात, जिथे अमेलिया राहायची, बायकांची दारूविरोधी सोसायटी होती, तिने ठरवलं आपला पेपर काढू, लोकांकडून वर्गणी गोळा केली, वर्षाला 50 सेंट. आणि मग ऐनवेळी सोसायटीचा उत्साह मावळला (मंडळं सगळीकडची सारखीच बघ, आपलं इथलं गणपतीचं मंडळ आठव). अमेलियाचं म्हणणं एवढंच की लोकांचे पैसे घेतलेत, नावं छापून गेलीत, आता अंग कसं काढायचं. 1 जानेवारी 1849 ला पहिला अंक निघाला. शाळा तिची जेमतेम दोन-चार वर्षांची, पेपर चालवायचा अनुभव शून्य, नवरा डेक्स्टर तिथल्याच एका पेपरचा संपादक होता तेवढा आधार. त्या दोघांच्या लग्नाच्या शपथेतून 'आज्ञा पाळीन' हे वाक्य काढलेलं होतं, 1840 साली! पुढे डेक्स्टर तिथला पोस्टमास्तर झाला तेव्हा ही त्याची डेप्युटी, आणि पोस्टाशेजारच्या खोलीत गावातल्या बायका पत्रं घ्यायच्या निमित्ताने येऊन बसायच्या, पेपर वाचायच्या, बोलायच्या. मला तिच्या सगळ्या आयुष्यात ती खोली फार आवडते.

आता काकूबाईचं. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात लग्न झालेल्या बाईने शिवणकाम करून, कपडे धुऊन चार पैसे मिळवले तर कायद्याने ते नवऱ्याचे, हे थेट 1860 पर्यंत. तो ते गुत्त्यावर उडवून आला तरी तिला बोलायची सोय नाही, आणि दारुडा आहे म्हणून घटस्फोटही नाही, घटस्फोटासाठी नवऱ्याचा व्यभिचारच सिद्ध करावा लागायचा. मग दारूचा प्रश्न बाईसाठी नीतीचा होता की पोटाचा ते तूच ठरव. म्हणूनच लिली सुरू झाली दारूवर आणि दोन-तीन वर्षांत मतदानाचा हक्क, शिक्षण, पगार यावर बोलायला लागली, स्टँटन तर त्यात 'सनफ्लॉवर' नावाने लिहायची. आपल्याकडे बायका मतदान करून आडवी बाटली करतात, दुकान बंद पाडतात, त्यांना कुणी काकूबाई म्हणून बघावं, काय ऐकून घेतील ते! पंडिता रमाबाई 1886 ला इकडे आल्या तेव्हा त्यांनाही या टेम्परन्सवाल्या बायकांची संघटना केवढी भावली, 1889 ला अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं त्यात त्यांच्याबद्दल भरभरून आहे.

कपड्यांच्या गाजावाजात लिलीचा खप 4,000 च्या घरात गेला. मग ही दोघं ओहायोत माउंट व्हर्ननला गेली, तिथे अमेलियाने टाइप जुळवायला एक बाई ठेवली तर छापखान्यातल्या पुरुषांनी कामच बंद केलं, आम्ही बाईबरोबर काम करणार नाही म्हणून. डेक्स्टरने त्यांना घरी पाठवलं आणि दुसरी माणसं घेतली, त्यात बायकाही. 1855 मध्ये काउन्सिल ब्लफ्सला आले तेव्हा इथे ना रेल्वे, ना असा पेपर छापायची सोय, शेवटी लिली इंडियानातल्या मेरी बर्डसॉलला विकून टाकली. पुढे आयोवात बायकांच्या मतदानासाठी अनेक वर्षं झटली, 1894 ला गेली.

मला वाटतं तुझ्या लेखात पॅन्ट अर्ध्या ओळीत उरक आणि ती वर्गणीची भानगड नीट लिही. सेनेका फॉल्स तुझ्यापासून तासाभरावर आहे, मैत्रिणीची गाडी घे आणि जाऊन ये. तिथे पुतळे आहेत, अमेलिया मध्ये उभी राहून मतदानाच्या हक्कासाठी लढलेल्या सुझन अँथनीची स्टँटनशी ओळख करून देतेय, 1851 ला खरंच रस्त्यात तशी ओळख झाली होती. फोटो पाठव, नुसते सेल्फी नकोत. आणि पेपर सोडायचा की नाही ते तू बघ, पण तुम्हीही वर्गणी घेतलीय ना लोकांकडून, ते बाबांनी विचारलंय.

जेवत जा वेळेवर. चिवड्याचा डबा कुरियर केलाय.

तुझी,
आई