आधी केसाचं मूळ बघ

निफाड,
18 डिसेंबर

प्रिय सुमे,

धुळ्याच्या या थंडीत केस फार जाताहेत, हे परवा फोनवर सांगता सांगता तू रडायला लागलीस आणि मला काही सुचलंच नाही. "होईल गो ठीक" एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. तुझे केस म्हणजे काय होते, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वेंगुर्ल्याच्या शाळेत सहा वर्षं तुझ्या मागच्या बाकावर बसले मी. अबोलीचा वळेसर तुझ्याच वेणीवर टिकायचा, आमच्या वेण्यांवरून घसरायचा. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते. सावकाश वाच.

आधी एक काम कर. उद्या फणीत येतील त्यातले दहा-बारा केस एका गडद कापडावर ठेव आणि उजेडात त्यांची टोकं बघ. एका टोकाला टाचणीच्या टोकापेक्षाही बारीक, पांढुरका ठिपका दिसला तर तो केस मुळातून सुटलाय. ठिपका नाही आणि केसही आखूड आहे, तर तो मधेच तुटलाय. गळणं वेगळं आणि तुटणं वेगळं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. हे मला कळायला निफाडचे दोन हिवाळे गेले, तुझे तेवढे जाऊ नयेत.

माझा अंदाज असा की तुझ्याकडे दोन्ही चाललंय. मुळासकट येणाऱ्या केसांचं कारण धुळ्यात शोधू नकोस. सप्टेंबरात तुला डेंग्यू झाला होता ना? एवढ्या मोठ्या तापानंतर डोक्यावरच्या बऱ्याच केसांची वाढ एकदम थांबते. ते लगेच पडत नाहीत. दोन-तीन महिने जागच्या जागी नुसते उभे राहतात आणि मग सुटायला लागतात. म्हणजे आज तुझ्या न्हाणीत जो पुंजका दिसतो, तो सप्टेंबरातच ठरून गेलेला होता. माझ्या धाकट्याच्या वेळी बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात माझे असेच गेले होते आणि तूच तेव्हा मला धीर दिला होतास. आता मी तुला देते. मूळ शाबूत असतं, त्यातून नवा केस येतो, आणि बहुतेकींचं हे गळणं सहा महिन्यांत आपसूक थांबतं.

आणखी एक. धडधाकट माणसाचेही दिवसाला 50 ते 100 केस जातात. तू आठवड्यातून एकदा केस धुतेस, तेव्हा सात दिवसांचे सुटलेले केस एकदमच हातात येतात. ते बघून घाबरून तू धुणं पंधरा दिवसांवर नेलंस, तर पुंजका दुप्पट दिसणारच. पुन्हा आठवड्यावर ये, जमलं तर आठवड्यातून दोनदा. धुण्यामुळे केस जात नाहीत, गेलेले फक्त दिसतात.

आता तुटणारे. इथे मात्र थंडीचा हात आहे. आपण दोघी दमट हवेत वाढलो. तिकडे जानेवारीतही हवेत पाणी असतं, आणि केस हवेतलं पाणी धरून मऊ राहतो. इथे घाटावर हवा कोरडी ठणठणीत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तुझी वेणी साठ सेंटिमीटर धरली, तर तिच्या टोकाचा केस पाच वर्षांचा आहे. त्याने पाच उन्हाळे सोसलेत आणि आता हा कोरडा गारठा. तुटतो तो आधी तिथेच.

केसाच्या अंगावर माशासारखी खवलं असतात, डोळ्यांना न दिसणारी. पेडवे साफ करताना शेपटीकडून डोक्याकडे सुरी फिरवली की खवलं कशी उठतात, तसंच ओले केस पंच्याने खसाखसा चोळले की होतं. ओला केस फुगलेला आणि कमजोर असतो, ताणला की लांबतो आणि तुटतो. म्हणून जुना मऊ सुती पंचा घे, नुसता दाबून पाणी टिपून घे, चोळू नको. केस निम्मेअर्धे वाळले की मोठ्या दातांच्या फणीने आधी टोकं सोडव, मग मध्य, मग वर. सकाळी सहाला केस धुऊन ओल्या केसांचा अंबाडा घालून ऑफिसला पळू नकोस. रविवारी दुपारी बाराला उन्हात बसून वाळव. आणि ते लोकरीचं कानटोपरं घालतेस, त्याच्या आतून जुन्या रेशमी पोलक्याचा तुकडा शिवून टाक. लोकर केसांना घासत राहते.

पाण्याबद्दल मला विशेष लिहायचंय, कारण मी स्वतः तिथेच चुकले. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात इथली थंडी बघून मी हादरले होते. निफाडचा पारा कधी कधी चार-पाचवर येतो. अशा रात्री द्राक्षाच्या बागांमधून शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. सासूबाई पहाटे बंब पेटवायच्या आणि मी सोसेल तेवढं कढत पाणी डोक्यावर ओतायची. बरं वाटायचं. पण कढत पाण्याने टाळूचं स्वतःचं तेल धुऊन जातं, त्वचा ताणते, खाज सुटते, आणि आधीच कोरडे असलेले केस काथ्यासारखे होतात. अंगाला हवं तेवढं गरम घे, डोक्याला कोमटच. तुझ्याकडे बोअरचं पाणी आहे म्हणालीस. साबण त्या पाण्यात फुटतो आणि केसांवर चिकट राप धरतो, तेव्हा केसांना साबण लावूच नकोस. साधा सौम्य शांपू घे आणि शेवटचे दोन तांबे प्यायच्या पाण्याचे घाल.

तेल थिजतंय म्हणून तू खोबरेल सोडलंस, तसं करू नकोस. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतंच, ते खराब झालेलं नसतं. वाटी गरम पाण्यात ठेव, दोन मिनिटांत सुटं होतं. गॅसवर तापवायची गरज नाही. 2003 साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. धुण्याने केसातलं जे प्रथिन निघून जातं, ते कमी करण्यात त्यांत फक्त खोबरेल उपयोगी ठरलं, कारण ते केसाच्या आत शिरतं. ती कंपनी खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच मी ते वाचलं, पण माझा वीस वर्षांचा अनुभव तोच आहे. केस धुण्याआधी दोनेक तास लाव, आणि मुळांपेक्षा लांबीला आणि टोकांना जास्त लाव.

मात्र कोंडा असेल तर थांब. कोरड्या त्वचेचा भुसा असेल, बारीक आणि सुटा, तर वरचं सगळं पाळलंस की तो कमी होईल. पण पिवळट, तेलकट, टाळूला चिकटलेला कोंडा असेल, खाज असेल, तर त्यामागे एक बुरशी असते आणि ती टाळूच्या तेलावरच जगते. मी दुसऱ्या हिवाळ्यात असल्या कोंड्यावर रोज रात्री तेल चोपडत राहिले. मार्चपर्यंत कपाळाच्या कडेला लाल चट्टे आले. नाशिकच्या डॉक्टरांनी तेल बंद करून दोन टक्के किटोकोनॅझोलचा शांपू दिला. आठवड्यातून दोनदा, टाळूला लावून पाच मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. महिन्याभरात स्वच्छ झालं. तुझा कोंडा कुठला, ते नीट बघ.

शिकेकाईचं विचारलंस. सासूबाई शेवटपर्यंत तिनेच न्हाल्या आणि त्यांचे केस सुंदर होते. पण त्या पूड कधी थेट लावत नसत. शेंगा, थोडा रिठा, आवळकाठी, नागरमोथा रात्री भिजवून सकाळी उकळायच्या आणि फडक्यातून गाळून घ्यायच्या. पुडीची खर कोरड्या केसांत अडकते आणि ती काढताना केस तुटतात. काढा करायला वेळ असेल तरच शिकेकाई वापर, नाहीतर शांपू बरा.

आता पोटाचं. रक्त तपासून घे, हे मी आग्रहाने सांगते: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, आणि फेरिटिन. हिमोग्लोबिन बरं दिसलं तरी शरीरातला लोहाचा साठा उणा असू शकतो, तो फेरिटिनमध्ये कळतो. तू दुकानातून केसांसाठी म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्यास ना? त्यांनी थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना त्या गोळ्यांबद्दल सांग. अळिवाचे लाडू सुरू कर. आवळे आत्ता बाजारात आहेत, जेवताना रोज एक खा. आवळ्याने जेवणातलं लोह अंगी लागतं आणि जेवणाला जोडून घेतलेल्या चहाने ते अडतं. तुझी ती जेवल्यावरची चहाची सवय तेवढी तासभर पुढे ढकल.

आणि एखाद्या जागी रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली, भांग रुंद होत गेला, किंवा मार्च संपला तरी पुंजके थांबले नाहीत, तर घरगुती काही करत बसू नकोस. सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. हवं तर मी येते सोबत.

तुझी वेणी कापून टाकायचा विचार मनात आहे म्हणालीस. टोकाचे चार बोटं काप, ते तसेही झिजलेत. बाकीच्याचा निर्णय मार्चनंतर घे. त्याआधी कपाळाच्या कडेला, कानांवर उजेड धरून बघत जा. तिथे बारीक, ताठ, नवे केस उभे राहिलेले दिसतील. मला माझे दिसले होते, तेव्हा मी आरशासमोरच रडले होते.

भोगीला डोक्यावरून न्हायचंच असतं, तर इकडेच ये. सकाळच्या एसटीने निघालीस तर दुपारपर्यंत पोचशील. गच्चीत उन्हात बसवून मी तुला तेल लावीन, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी करीन. अळिवाचे लाडू आमच्या शेजारच्या मुलाबरोबर पाठवतेय, तो गुरुवारी धुळ्याला येतोय. स्टीलचा डबा आहे, येताना घेऊन ये.

तुझी,
मागच्या बाकावरची