पथ्याला औषधाची जागा नको

आपल्या आरोग्य पुरवणीत मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जूला इजा करणारा आजार ‘केवळ आहाराने’ आटोक्यात येतो, असे सांगणारा लेख वाचला. माझी हरकत ‘केवळ’ या शब्दाला आहे. लेखाचा सारा भर अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. रॉय स्वँक यांच्यावर आहे. त्यांनी १४४ रुग्णांना कमी संपृक्त चरबीच्या आहारावर ठेवून ३४ वर्षे पाहिले आणि १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. पथ्य पाळणाऱ्यांची प्रकृती बरी राहिली, हे खरे. पण तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. शिवाय ज्यांची तब्येत ढासळते त्यांचेच पथ्य सुटते, हेही असू शकते. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात ३० चाचण्या तपासूनही आहाराने अपंगत्व किंवा आजाराचे झटके कमी होतात का, याचे खात्रीशीर उत्तर मिळाले नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार नऊ वर्षे आहे. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने गहू, दूध, डाळी सगळेच सोडले. तीन महिन्यांत सहा किलो वजन घटले, जिना चढताना कठडा धरावा लागू लागला. आता ती ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी खाते, तळण टाळते. पोट साफ राहते, दुपारचा थकवाही थोडा उतरला आहे. तिच्यासाठी एवढेही पुष्कळ आहे. मात्र न्यूरॉलॉजिस्टने दिलेले औषध तिने एकदाही चुकवलेले नाही. नुकतेच निदान झालेल्या एखाद्या तरुणाने हा लेख वाचून औषध थांबवले, तर मधल्या काळात मेंदूला झालेली इजा भरून येईलच असे नाही. पुढच्या पुरवणीत एखाद्या न्यूरॉलॉजिस्टचे मतही छापावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा