आजोबांची टोपी नातवाला बसली तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर बातमी होती : बाळाच्या डोक्यातलं पाणी काढलं, बाळ सुखरूप. वाचून बरं वाटलं. शेवटी मात्र एकच ओळ होती, ‘पालकांनी बाळाच्या डोक्याकडे लक्ष ठेवावं.’ लक्ष ठेवावं म्हणजे नेमकं काय करावं, ते कुठेच नव्हतं. लक्ष तर आम्हीही ठेवून होतो. घरात चार मोठी माणसं, चौघांचा जीव त्या एका पोरात, आणि तरी आमचे आठ महिने वाया गेले. म्हणून हे पत्र.

मी इंदूरला लोकमान्यनगरात ३१ वर्षं शिवणक्लास चालवते. ‘हिच्या गळ्यात मंगळसूत्र कमी आणि टेप जास्त,’ असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. नातू माझ्या मुलीचा. बारशाची कुंची मीच शिवली, तेव्हापासून त्याच्या डोक्याचं माप माझ्या वहीत आहे. गिऱ्हाइकांच्या मापांचीच वही, तिच्या शेवटच्या पानावर. बाराव्या दिवशी पावणेचौदा इंच. पहिल्या वाढदिवसाला १९. दुसऱ्याला साडेवीस. दर वेळी मी अर्धा इंच माया, म्हणजे पुढे उसवून वाढवता येईल असं जादा कापड, ठेवायचे आणि दर वेळी ती सहा महिन्यांच्या आत संपायची. ‘मोठ्या डोक्याचा आहे, हुशार निघणार,’ असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

बाकीच्या गोष्टी सुट्या सुट्या आल्या. चौदाव्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं. कान सारखे वाहायचे. घोरणं इतकं, की पलीकडच्या खोलीत ऐकू यावं. पाठीवरचे निळसर डाग जायचे नावच घेईनात. टाळी वाजवताना त्याची बोटं पूर्ण उघडत नाहीत, हे तर माझ्या क्लासमधल्या एका मुलीने दाखवून दिलं. हर्नियाचे डॉक्टर वेगळे, कानाचे वेगळे. तो सव्वादोन वर्षांचा असताना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी हे सगळं एका धाग्यात ओवलं. आधी लघवीची तपासणी, मग रक्तातल्या एन्झाइमची. निदान निघालं हंटर सिंड्रोम.

१९१७ साली चार्ल्स हंटर नावाच्या डॉक्टरांनी कॅनडात दोन सख्ख्या भावांमध्ये हा आजार पाहून लिहून ठेवला, म्हणून हे नाव. शरीरात साखरेच्या लांबलचक साखळ्या सतत तयार होतात आणि सतत मोडीतही काढल्या जातात. मोडण्याच्या कामातलं एक एन्झाइम ह्या मुलांमध्ये नसतं, किंवा नसल्यात जमा असतं. इंदूरवाल्याला समजावं म्हणून सांगते. आमच्या गल्लीत रोज सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते. नातवाच्या पेशींत ती गाडी येतच नाही. घरं तशीच नांदतात, कचरा तसाच निघतो, आणि तो तिथेच साठत राहतो. यकृतात, सांध्यांत, हृदयाच्या झडपांत, घशात, आणि मेंदूभोवतीच्या आवरणांतसुद्धा.

हा आजार आईकडून मुलग्याकडे येतो. आईला स्वतःला बहुतेक काहीच होत नाही. मुलीची तपासणी झाली, मग माझी. दोघींतही तोच बदल निघाला. तेव्हा मला माझा धाकटा भाऊ आठवला. देवासला बाराव्या वर्षी गेला, सन १९७३. त्याचंही डोकं मोठं, नाक बसकं, ऐकायला कमी, पोट पुढे. आई त्याची दृष्ट काढायची आणि वडील त्याला फोटोत मागे उभा करायचे. त्याला काय झालं होतं, ते आम्हाला पन्नास वर्षांनी नातवाच्या रिपोर्टवरून कळलं. विहीणबाईंनी एकदा हळूच विचारलं, ‘म्हणजे हे तुमच्याकडून आलं ना?’ म्हटलं, हो. पोराला गोड गळा आला असता तर तोही माझ्याकडूनच आला असता. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

आता मुद्द्याचं.

निदानाच्या वेळी मेंदूचा एमआरआय झाला होता. रिपोर्टात खाली एक ओळ होती, मेंदूतल्या पोकळ्या किंचित मोठ्या आहेत. विचारलं तर ‘ह्या आजारात असतंच’ असं उत्तर मिळालं. खरंही आहे ते, असतंच. तिसऱ्या वाढदिवसाला डोकं सव्वाएकवीस. त्यानंतर महिनाभरातच पोर बदललं. रात्री दोन-दोनदा रडत उठायचं. तळहाताने कपाळाच्या बाजूला थाडथाड मारून घ्यायचं. जिना चढायचा तो पोरगा उंबऱ्याला अडखळायला लागला. वीसेक शब्द बोलायचा, त्यातले ‘आजी’ आणि ‘पाणी’ एवढेच उरले. आम्ही डॉक्टरांकडे खेपा घातल्या. कुठल्या ते लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती. दर वेळी उत्तर एकच : आजार पुढे सरकतोय. डोळ्याच्या डॉक्टरांनी पडद्यामागची नस पाहिली, सूज नव्हती, म्हणून सगळे निर्धास्त. दर खेपेला वजन मात्र न चुकता झालं. आठ महिन्यांत त्याच्या डोक्याला टेप लागली ती फक्त माझी, आणि मी ती शिवणासाठीच लावत होते. कुणाला दाखवायची असते, हे मला कुठे ठाऊक?

दिवाळीत एके दिवशी पोराने खुंटीवरची आजोबांची काळी टोपी ओढून डोक्यावर घातली. सगळे हसले. टोपी कानांवर यायला हवी होती, ती आली नाही, कपाळावर घट्ट बसली. आतल्या पट्टीवर नंबर आहे २२. मी उठून वही आणली. पावणेचार वर्षांच्या मुलाचं डोकं आणि ६९ वर्षांच्या माणसाचं डोकं एका मापाचं. त्या रात्री जावयांनी मुंबईला जाणाऱ्या अवंतिका एक्सप्रेसची तिकिटं काढली.

मुंबईच्या डॉक्टरांनी सर्वांत आधी काय केलं असेल, तर जुना एमआरआय मागितला. नवा काढून दोन्ही फिल्म शेजारीशेजारी काचेवर लावल्या. मी शिकलेली बाई नाही, पण कापड वाढलेलं मला कळतं. मधल्या काळ्या जागा दुपटीने रुंद झाल्या होत्या.

मेंदूत चार पोकळ्या असतात आणि त्यांत स्वच्छ पाणी असतं. मोठ्या माणसात ते दिवसाला सुमारे अर्धा लिटर तयार होतं, पण एका वेळी आत असतं जेमतेम १५० मिली. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं. जुनं पाणी मेंदूवरच्या आवरणांतून झिरपून रक्तात परत जातं. ह्या मुलांत तीच आवरणं साठ्याने जाड होतात. वाट कुठे बुजलेली नसते, पाणी सगळीकडे फिरतं, फक्त निघून जायला वेळ लागतो. त्यामुळे दाब महिनोन्‌महिने सावकाश चढतो. एकदम उलट्या नाहीत, एकदम बेशुद्धी नाही, आणि डोळ्याच्या नसेवर सूजही दिसेलच असं नाही. चिडचिड, झोपमोड, अडखळणं, बोलणं कमी होणं एवढंच दिसतं. आणि हे सगळं मूळ आजारातही होतं. फसवणूक होते ती इथे.

मी विचारलं, पोकळ्या मोठ्या दिसल्या म्हणजे पाण्याचा दाब आहेच ना? डॉक्टर म्हणाले, नाही. मेंदू आकसला तरी रिकाम्या जागेत पाणी भरतं आणि चित्र तसंच दिसतं. तिथे पाणी काढायची नळी घालून उपयोग नसतो. मला ते लगेच पटलं. ब्लाऊज ढगळ दिसला, तर तो सैल शिवलाय की बाई वाळलीय, हे नुसतं ब्लाऊजकडे बघून कळत नाही. टेप लावावी लागते. इथली टेप म्हणजे कंबरेतून घातलेली सुई आणि तिला जोडलेली उभी नळी. पाणी नळीत किती चढतं ते बघायचं. मुलांमध्ये २८ सेंटिमीटरच्या वर गेलं तर जास्त धरतात. ह्याचं ३४ आलं. म्हणून ऑपरेशन करून पाणी काढायची नळी घालायचं ठरलं.

सर्जनपेक्षा भूल देणारे डॉक्टर जास्त काळजीत होते. मान आखूड, जीभ मोठी, घसा आतून साठ्याने अरुंद. अशा मुलाच्या श्वासनलिकेत नळी घालणं हेच अर्धं ऑपरेशन असतं, असं त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. जिथे दुर्बिणीने नळी घालायची सोय आहे तिथेच हे करावं, हे ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी लक्षात ठेवावं. हर्नियाच्या ऑपरेशनलासुद्धा हेच लागू. आमचं ते निदानाआधी झालं आणि देवाच्या कृपेने निभावलं.

पाण्याची नळी मेंदूच्या पोकळीतून निघते. कानामागे एक बारीकसा व्हॉल्व्ह, मग कातडीखालून मान, छाती, आणि शेवटचं टोक पोटात. जादा पाणी पोटात जातं आणि तिथे शोषलं जातं. मानेवरून बोट फिरवलं की लागते, नेफ्यातल्या नाडीसारखी. पोटात थोडी लांबी जास्त सोडली आहे, पोरगं उंच होईल तशी ती पुरावी म्हणून. सर्जनना म्हटलं, तुम्हीसुद्धा माया ठेवता की! त्यांना शब्द माहीत नव्हता, समजावून सांगितल्यावर हसले.

दहाव्या दिवशी तो रात्रभर झोपला. कपाळावर मारणं थांबलं ते थांबलंच. चालण्यात फरक पडायला दोन महिने लागले. शब्द परत आले नाहीत. आठ महिने आधी नळी घातली असती तर ते राहिले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

आजार आहे तिथेच आहे, ह्याबद्दल कुणाचा गैरसमज नको. एन्झाइम दर आठवड्याला शिरेतून देतात, वजनाच्या हिशेबाने. अमेरिकेत ते औषध २००६ मध्ये मंजूर झालं. यकृत उतरतं, दम कमी लागतो, पण रक्तातून मेंदूत ते शिरत नाही. मेंदूपर्यंत पोहोचणारी औषधं जपानने २०२१ मध्ये मंजूर केली, आपल्यापर्यंत कधी येतील ते येवोत. आपल्या केंद्र सरकारचं दुर्मीळ आजारांचं धोरणही २०२१ चंच. त्यातली मदत नंतर ५० लाखांपर्यंत वाढवली. आकडा मोठा वाटतो, पण जन्मभर दर आठवड्याला लागणाऱ्या औषधापुढे तो पुरत नाही. त्या धोरणात सुरुवातीला जी आठ केंद्रं ठरली त्यांत मुंबईचं केईएम रुग्णालय होतं, मध्य प्रदेशातलं एकही नव्हतं. ह्यावर कुणी जाणकाराने वेगळं लिहावं. माझं म्हणणं त्याहून स्वस्तातलं आहे. बाजारात नवी टेप ज्या किमतीला मिळते, तेवढ्यातलं.

माप असं घ्यावं. टेप पुढे भुवयांच्या जरा वर, बाजूला कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सर्वांत जास्त बाहेर आलेला असतो त्यावरून. वेणी, क्लिप, टोपरं काढून. तीन वेळा मोजावं आणि सर्वांत मोठा आकडा लिहावा, सोबत तारीख. टेप जुनी नको. वर्षानुवर्षं ओढून ती ताणली जाते आणि माप कमी दाखवते. माझ्या क्लासमध्ये दर दसऱ्याला सगळ्या टेपा स्टीलच्या पट्टीवर तपासतो, पाव इंचाचा फरक तर नेहमीच निघतो. डॉक्टरांना सेंटिमीटर लागतात, एक इंच म्हणजे २.५४.

आणि एकट्या आकड्याला घाबरू नये. काही घराण्यांत डोकी मोठीच असतात. आधी बापाच्या डोक्याला टेप लावून बघावी. बघायचं ते हे, की डोकं आपल्याच चालीने वाढतंय की मध्येच पावलं लांब टाकतंय. आमच्या वहीत दुसऱ्या ते तिसऱ्या वर्षात पाऊण इंच वाढ आहे आणि पुढच्या नऊ महिन्यांतही पाऊणच. वाढ मंदावायच्या वयात ती मंदावलीच नाही. वहीत हे धडधडीत लिहिलेलं होतं. घरात आधीच असा पेशींत कचरा साठण्याचा आजार असेल, तर ‘हे त्या आजाराचंच’ एवढ्यावर उठू नये. जुनी फिल्म नव्या फिल्मशेजारी लावा म्हणावं, आणि पाण्याचा दाब मोजायची गरज आहे का ते विचारावं. नळी असलेल्या मुलाला उलट्या, ताप किंवा भलतीच सुस्ती आली, तर सकाळची वाट पाहू नये. नळी बुजते, जंतूही धरते.

नातू आता साडेपाच वर्षांचा आहे. गेल्या रविवारी माप सव्वाबावीस. ही वही आता मी दर तपासणीला बरोबर नेते, आणि डॉक्टर ती उघडून बघतात.

संपादकसाहेब, जागा कमी पडली तर माझ्या भावाचा परिच्छेद काढून टाका. टेपचा काढू नका. आणि नाव छापू नका, मुलीला सासर आहे.

आपली रोजची वाचक,
एक शिवणकाम करणारी आजी
लोकमान्यनगर, इंदूर