उलटणाऱ्या गायी-म्हशींचं रक्त तपासायची सोय करा: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यात पशुवैद्यक आहे. गोठ्यात पाऊल टाकलं की प्रश्न येतो, "डॉक्टर, परत उलटली की हो!" म्हणजे रेतन करूनही जनावर गाभण न राहता पुन्हा माजावर आलं. हात घालून तपासलं तर गर्भाशय ठीक लागतं. मग अंदाजाने इंजेक्शन. हा अंदाज थांबावा, एवढंच मागणं आहे.

गाय गाभण नसेल तर माजानंतर सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरक झटक्याझटक्याने सुटतं, त्याने बीजांडकोशातला गर्भ टिकवणारा पीतपिंड विरतो आणि साधारण २१व्या दिवशी गाय पुन्हा माजावर येते. पोटातला गर्भ धडधाकट असेल तर तो इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडून हे झटके दाबतो. गर्भ टिकणार की जाणार, हे बऱ्याचदा याच दिवसांत ठरतं. मानेच्या शिरेतल्या रक्तात मात्र मूळ प्रोस्टाग्लँडिन नीट सापडत नाही, कारण फुप्फुसांतून जातानाच त्याचा बहुतेक भाग मोडतो. मोडून तयार होणारं पीजीएफएम रक्तात जास्त वेळ टिकतं, म्हणून ते मोजायचं. स्वीडनच्या हान्स किंडाल आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्येच कालवडींच्या रक्तात ते मोजून हे झटके दाखवले. गाय व्यायल्यावरही काही दिवस ते चढं राहतं; गर्भाशय आकसून पूर्ववत होतंय का, याचा त्यावरून अभ्यास होतो.

झटके पकडायला दिवसभर थोड्याथोड्या वेळाने रक्त घ्यावं लागतं. हे काम विद्यापीठाचं. 'माफसू'च्या (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला पंढरपुरी म्हशीवर असा अभ्यास करायला निधी द्या. उन्हाळ्यात मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणं न दिसणारा माज, दाखवणाऱ्या आमच्या म्हशींचे निकष परदेशी गायींवरून कसे ठरवायचे?

गोठ्यासाठी प्रोजेस्टेरॉनची साधी तपासणीही खूप आहे. हे संप्रेरक पीतपिंडातून येतं, म्हणून पीतपिंड आहे की नाही ते त्यावरून कळतं. माजावर आणायला आम्ही देतो ते प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन तयार पीतपिंड असेल तरच लागू पडतं. तो नसताना दिलेलं इंजेक्शन वाया जातं, शेतकऱ्याचे पैसे आणि गाईचे दिवसही. आमच्या भागात ही तपासणी सहज होत नाही. नमुना लांब पाठवावा तर गाईच्या रक्तातल्या पेशीच वाटेत प्रोजेस्टेरॉन मोडतात आणि आकडा खोटा येतो. म्हणून रक्तातला प्लाझ्मा लगेच वेगळा करून थंड ठेवावा लागतो.

तेव्हा प्रत्येक जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात प्रोजेस्टेरॉन तपासणीची सोय आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ द्या. १९६२ या फोन क्रमांकावर बोलावता येणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकांना सेंट्रिफ्यूज (रक्त फिरवून प्लाझ्मा वेगळा करणारं यंत्र) आणि शीतपेटी द्या. सुरुवात सांगोला-पंढरपूर पट्ट्यातून करा. नमुने गोळा करायला आम्ही तयार आहोत.

आपला,
एक पशुवैद्यक, सोलापूर जिल्हा