चेट ॲटकिन्स यांची एकल गिटार

संपादक महोदय,

अमेरिकी कंट्री संगीत (तिथल्या ग्रामीण लोकपरंपरेतून आलेले लोकप्रिय संगीत) म्हणजे केवळ गाणी, असा समज आपल्याकडे आढळतो. म्हणून टेनेसी राज्यातील गिटारवादक चेट ॲटकिन्स (१९२४–२००१) यांच्या १९५६ सालच्या ‘फिंगर-स्टाइल गिटार’ या वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिकेकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. रेडिओवर गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांचे वादन ऐकून, ते अंगठा आणि तर्जनी एवढ्यांवरच वाजवतात हे ठाऊक नसल्याने, ॲटकिन्स यांनी अंगठ्याने खर्जाचा ठेका धरून उरलेल्या बोटांनी वरची धून छेडण्याची स्वतःची पद्धत घडवली. मुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूस साथीची वाद्ये नाहीत. एकटी गिटार दोन वादकांचा भास घडवते, आणि मला तीच बाजू अधिक मोलाची वाटते. आपल्या पुरवणीत अशा वादकांवर सविस्तर लेखन यावे, ही विनंती.

– एक वाचक