नदीतल्या माशांचं वजन कोण लिहून ठेवतंय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात उल्हास नदीच्या जलपर्णीचा फोटो येतो, लांबून क्रिकेटचं ग्राउंड वाटावं असं हिरवंगार, आणि खाली लिहिलेलं असतं की ही नदी आहे. मासे मरून वर तरंगले की त्याचीही बातमी येते. पण मासे हळूहळू कमी होत गेले तर त्याची बातमी होत नाही, कारण ते कोणी मोजतच नाही. मला त्या मोजण्याबद्दलच लिहायचंय, पत्र लांब झालं तरी पूर्ण वाचा ही विनंती.

मी कळव्याला राहतो, रिटायर होऊन तीन वर्षं झाली. गळ टाकायला मामांनी शिकवलं, तेव्हा आम्ही खाडीवर जायचो, आता मी टिटवाळ्याला काळू नदीवर जातो. सकाळची आसनगाव लोकल पकडायची, काठी आणि डबा घेऊन. घरचे म्हणायचे रिकामटेकडं काम आहे, आणि तलावावर गेलो तर ठेकेदाराचा माणूस येऊन उठवतो, त्यामुळे गळवाल्याला मान नसतो याची सवय झालेली होती.

मग मागच्या सप्टेंबरमध्ये मुलीकडे इंग्लंडला गेलो, पीटरबरो म्हणून गाव आहे तिथे. गावातून नीन नावाची नदी जाते, इतकी संथ की पाण्यावरचं पान बघत बसलं तर चहा गार होईपर्यंत ते समोरच असतं. एका रविवारी नातवाला बाबागाडीत घालून काठावर गेलो तर बघतो काय, काठाने ठराविक अंतरावर एकेक माणूस पेटीवर बसलेला, बाजूला नंबरची पाटी, आणि प्रत्येकाच्या हातात एवढी लांब काठी की मी थांबूनच राहिलो. एकेक काठी १३ मीटरची! आपल्या चार मजली बिल्डिंगएवढी होते. सगळी कार्बन फायबरची, तुकडे एकात एक घालून लांब केलेली. त्याला ते लोक पोल म्हणतात, आणि ती मॅच होती.

रीळ नाहीच. दोरा सरळ काठीच्या टोकाला, आपल्या बांबूच्या काठीला तंगूस बांधतो तसाच. फरक एकच, टोकाच्या पोकळ तुकड्यातून रबरासारखं इलॅस्टिक ओवलेलं असतं, मासा पळाला की ते ताणलं जातं आणि केसासारखा बारीक दोरा तुटत नाही. मासा लागला की काठी वर उचलायची नाही, मागे ठेवलेल्या रोलरवरून सरकवत सरकवत मागे न्यायची, मग टोकाचे दोन-तीन तुकडे सुटे करून तेवढ्यावर मासा जवळ आणायचा आणि खालून जाळी लावायची. मी ज्या आजोबांच्या मागे उभा होतो ते सत्तरीचे असतील, त्यांचं हे काम इतकं शांत चाललेलं की मागून बाबागाडीतल्या नातवाचा श्वास ऐकू यावा.

मॅच सुरू व्हायच्या आधी पिशवीतून चिठ्ठी काढतात, जो नंबर येईल ती जागा, तिथे ओळख चालत नाही. मग खोली मोजायची, गळाला शिशाचा गोळा लावून तळ चाचपायचा आणि तरंगणारी काडी त्या मापाला सरकवायची. शिट्टी वाजली की चाऱ्याचे गोळे एकाच जागी टाकतात, ते खाली बसतात, पुढचे ५ तास त्याच जागेवर गळ. संथ नदीत ही गंमत आहे की चारा वाहून जात नाही म्हणून मासा तिथे गोळा होतो, आणि पोलच्या टोकाने काडी अगदी त्याच चाऱ्यावर धरून ठेवता येते, प्रवाहाला थोपवून. रिळाने लांब फेकणाऱ्याला हे जमणं अवघड. खायला लावायचं म्हणजे अळ्या नाहीतर त्या अळ्यांचे कोष, एका वेळी एक किंवा दोन.

आणि हे कोणी फावल्या वेळचं काम समजू नये. गळ टाकायच्या स्पर्धा १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातही सेन नदीवर झालेल्या आहेत, आणि १९५७ पासून गोड्या पाण्यातल्या गळाची वर्ल्ड चॅम्पियनशिप होते. इंग्लंडचे बॉब नड १९९०, १९९१, १९९४ आणि १९९९ असे चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेत. या खेळाचं साप्ताहिक १९५३ पासून निघतंय, अँगलिंग टाइम्स नावाचं.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते मॅच संपल्यानंतरचं. पकडलेले मासे ५ तास पाण्यातच लांब जाळीच्या पिशवीत असतात. शिट्टी वाजल्यावर दोघं जण काटा घेऊन पहिल्या नंबरपासून निघाले, प्रत्येकाची पिशवी उचलून वजन केलं, वहीत लिहिलं आणि मासे तिथल्या तिथे परत पाण्यात. आजोबांचे रोच जातीचे चांदीसारखे मासे होते आणि ताटाएवढा चपटा चिकट ब्रीम एक. सामान आवरताना त्यांनी मला एक डायरी दाखवली. तारीख, जागेचा नंबर, पाणी कसं होतं, कुठला मासा किती, एकूण वजन. पान उलटलं की मागचं वर्ष, त्याच्या मागे त्याच्या मागचं. ते म्हणाले की सात नंबरच्या जागेवर सलग तीन मॅच वजन घटलं तर आम्ही विचारायला लागतो की नदीत वरच्या बाजूला काय सोडलं गेलंय. मी ते वाक्य घेऊनच परत आलो.

आता आपल्याकडचं सांगतो. ठाण्याच्या नळाला जे पाणी येतं त्यातलं काही उल्हासचं आहे, शहाडला उचलतात ते. काळू नदी माळशेजच्या डोंगरातून येऊन पुढे कल्याणजवळ या उल्हासलाच मिळते. म्हणजे नदीत काय जगतंय हा काही फक्त मासे खाणाऱ्यांचा प्रश्न नाही.

तर आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी टिटवाळ्याच्या वरच्या बाजूला मॅच घेतली. आम्ही ९ जण, सहा कळवा-कोपरीचे, दोन तिथल्या पाड्यावरची पोरं आणि त्यांच्या मावशी. चिठ्ठ्या टाकल्या, १० ते ३, काठ्या सगळ्यांच्या बांबूच्या, मोरपिसाची काडी, कोंडा आणि शेंगदाणा पेंडीचा चारा, गांडूळ नाहीतर कणीक. गळाचा उलटा काटा आदल्या रात्री मीच पकडीने दाबून सपाट केला होता, सगळ्या गळांचा, म्हणजे माशाचा जबडा न फाडता गळ सुटतो. एकदा बोटात घुसवून पण बघितला, अलगद निघाला.

मावशींना हे पटलं नव्हतं. "पकडायचा नि सोडायचा? मग घरी काय शिजवायचं?" त्यांचं बरोबरच आहे, त्या रोज नदीवर येतात ते खेळायला येत नाहीत. मग ठरलं की वजन झाल्यावर त्यांचे मासे त्यांनी न्यावेत, आम्ही आमचे सोडू, कारण आम्हाला हवा होता तो आकडा. असा नियम केलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, ज्याचं पोट नदीवर आहे त्याला सोडायला सांगणारे आपण कोण. आणि खेळ म्हणाल तर मॅच त्याच जिंकल्या. त्या काडीकडे बघतच नव्हत्या, दोरा जिथे पाण्यात शिरतो तिथे बघत होत्या, आणि काठीचं टोक इतकं हळू मागे ओढायच्या की पीटरबरोच्या आजोबांची आठवण झाली, तेच थोपवून धरणं, तसंच्या तसं.

वजनं अशी. मावशी १ किलो ४००, बाकीचे ८००, ६५०, ५००, दोघांचे ३५०-३५०, एकाचे २५०, आणि दोघांना शून्य. एकूण ४ किलो ३००. नऊ माणसं पाच तास. त्यातली जवळपास सगळी चिलापी, जी मुळात आफ्रिकेची, आपल्या देशात १९५२ साली आणलेली. आपला म्हणावा असा मासा म्हणजे दोन शिंगटी आणि एक बारकं वाम. मावशी म्हणाल्या की त्यांच्या आईच्या वेळेस याच डोहात मरळ पायाला लागायची. खरंच असणार, पण ते कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे आज कोणी म्हटलं की नदी पहिल्यापासून अशीच आहे तर दाखवायला आपल्या हातात काही नाही.

शून्य कुठे आलं ते पण बघा, सहा आणि सात नंबरला. त्या दोन जागांसमोर जलपर्णीचा तुकडा येऊन अडकलेला. सांडपाणी नदीत आलं की जलपर्णीला खत मिळतं, ती पसरली की खाली ऊन पोचत नाही आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, हे आपण शाळेत वाचतो, पण पाच तास काडी हलली नाही तेव्हा जे कळलं ते वेगळं. सात नंबरवर आमचा कोपरीचा मित्र होता, चाळीस वर्षं गळ टाकतोय, तो शेवटी नुसता पाण्याकडे बघत बसलेला.

अजून एक गोष्ट. इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ बंद असतो, मासे अंडी घालतात म्हणून, आणि १६ जून त्यांचा सणच असतो. आपल्याकडे समुद्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पण नदीवर पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, पोट अंड्यांनी फुगलेलं असतं, आणि तेव्हाच टॉर्च घेऊन शेता-ओढ्यात गर्दी होते. लहानपणी मी पण पोतंभर आणलेत, ती मजा मी विसरलेलो नाही. पण आता पोत्याच्या जागी वाटीभर येतात असं पाड्यावरची पोरं सांगतात, म्हणून आम्ही नऊ जणांनी ठरवलंय की जून-जुलैत हात लावायचा नाही.

माझी मागणी मोठी नाही. पैसे नकोत, मंडप नको, पाहुणे तर अजिबात नकोत. आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्याच जागांवर त्याच ५ तासांत मॅच घेणार आहोत, जून-जुलै सोडून. तुम्ही ठाण्याच्या पानावर त्याचा निकाल चार ओळीत छापा, जसा शाळांच्या क्रिकेटचा छापता तसा. ऐरोली, वाशी, दिवा, मुंब्रा, जिथे जिथे लोक गळ टाकून बसतात त्यांनीही जागा ठरवून वजन करावं आणि तुमच्याकडे पाठवावं, शंभर-दीडशे रुपयांचा ताणकाटा लागतो बाकी काही नाही. आणि तलावावर, नदीवर शांत बसलेल्या गळवाल्याला उठवण्याआधी त्याला एकदा विचारा की आज काय लागलं.

फेब्रुवारीचा निकाल सोबत देतो आहे, जमलं तर एवढा तरी छापा.

काळू नदी, टिटवाळा. फेब्रुवारीचा दुसरा रविवार, सकाळी १० ते दुपारी ३. माणसं ९. एकूण ३ किलो ६५०. शिंगटी तीन, वाम नाही, बाकी चिलापी. पहिल्या आल्या मावशी, १ किलो १००. पाच, सहा आणि सात नंबरच्या जागांवर शून्य.

आपला वाचक,
कळवा, ठाणे